थॉर्नवेलला किती गुण?

"बसू नका!"

पण तोवर ती बसली होती.

जूनमधला शनिवार, सकाळचे अकरा. थॉर्नवेलच्या चर्चमागून एक करडा ढग आला काय आणि नेमका रोवेनाच्या डोक्यावर रिता झाला काय! पिशवी छातीशी धरून ती धावत सुटली, बसथांब्याच्या शेडमध्ये शिरली आणि समोर दिसलेल्या बाकावर टेकली. तळहाताला काहीतरी चिकट लागलं. तिने हात वर करून पाहिला. हिरवागार!

"मी ओरडलो होतो," शेडच्या तोंडाशी उभा असलेला माणूस म्हणाला. उंच, उन्हाने रापलेला, हातात ब्रश... आणि केसांत चक्क गव्हाची काडी.

"बसल्यावर ओरडलात."

"तुम्ही फार पटकन बसता हो."

"एक पाटी लावता येत नाही? 'रंग ओला आहे' म्हणून?"

"तीच रंगवत होतो." त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. खरंच, तिथे एक फळी टेकवून ठेवली होती आणि तिच्यावर 'रंग ओ' इथपर्यंत लिहून झालं होतं.

रोवेनाला हसायचं नव्हतं. ती चिडलेली होती, भिजलेली होती, आणि तिच्या नव्या फिकट रंगाच्या रेनकोटावर मागून चार हिरवे पट्टे उमटले होते. तरी हसू आलंच.

"टर्पेंटाइन आहे माझ्याकडे," तो घाईघाईने म्हणाला. "कोट द्या, पाच मिनिटांत... बरं, पंधरा. मी ह्यू बॅस्कम. छपरं शाकारतो. रंगकाम माझं नव्हेच, ते तुमच्या लक्षात आलंच असेल."

"रोवेना स्पर्लिंग."

"कुणाकडे आलात?"

आणि इथे रोवेनाची जीभ अडखळली.

अठ्ठावीस वर्षांची रोवेना ब्रॅकस्टेडला राहायची. लंडनला एका कचेरीत नकाशे काढायची. रोज सकाळी सात-बाराची गाडी, संध्याकाळी सहा-अडतीसला परत. हर्टफर्डशायर परगण्यात अशी गावं पुष्कळ, जिथली माणसं सकाळी घड्याळाकडे बघत पळतात आणि दिवे लागायच्या वेळी परततात. मात्र यंदा तिच्या शनिवारांना एक वेगळंच काम लागलं होतं. परगण्यातल्या सर्वांत नेटक्या गावाची स्पर्धा, आणि ती तिची परीक्षक. अकरा गावं, प्रत्येकी शंभर गुण, प्रत्येक ठिकाणी दोन फेऱ्या. परीक्षकांच्या प्रमुख मिसेस फेन, वय सत्तर, गळ्यात मोत्यांऐवजी दुर्बीण. त्यांनी बजावून सांगितलं होतं, "कोण आहेस ते कळू द्यायचं नाही. कुणाशी घसट नाही. कुणाकडून काही घ्यायचं नाही. चहासुद्धा नाही, समजलं?"

"मी..." रोवेना म्हणाली. "घर बघायला आलेय."

"भाड्याने?" ह्यूचा चेहरा असा उजळला की तिला लाज वाटली. "मग चला की! पाऊस थांबतोय. कोट वाळेपर्यंत अख्खं गाव दाखवतो."

नको म्हणायला हवं होतं. ती उठली.

थॉर्नवेल काही मोठं नव्हतंच. हिरवळीच्या चौकाभोवती वीस-पंचवीस घरं, गव्हाच्या काडांनी शाकारलेली; पावसानंतर त्या छपरांतून वाफ निघत होती, जणू घरं आत्ताच न्हाऊन आली होती. भिंतींवर गुलाब, फाटकांवर गुलाब. चार-पाचशे वर्षांत वाकलेल्या तुळया तशाच ठेवलेल्या, उगाच सरळ न केलेल्या. एका आढ्यावर काडांचाच केलेला कोल्हा बसला होता.

"हा तुमचा?"

"माझा. गावातलं पहिलं काम. बाबा म्हणाले, मांजर बरं जमलंय."

चालता चालता तो बोलत होता, आणि बोलताना आपण काय सांगतोय याचं त्याला भानही नव्हतं. "यंदा आम्ही सगळे जरा वेड्यासारखेच वागतोय. ती गावांची स्पर्धा आहे ना, तिचा परीक्षक गुपचूप येतो. त्यामुळे दुकानातल्या मिसेस गॉडबोल्डनी धसका घेतलाय. टाय लावलेला अनोळखी माणूस दिसला की धरून आणतात. परवा एकाला तीन केक खाऊ घातले. तो गॅसचं मीटर बघायला आला होता."

"बिचारा!"

"बिचारा कसला? आता रोज येतो."

"आणि परीक्षक... बाई असली तर?"

ह्यू थांबला. हा विचार त्याला नवाच होता. "बाई? बाबांच्या मते परीक्षक म्हणजे टक्कल आणि मिशी. बाई असेल तर मेलोच आम्ही."

बाबा म्हणजे वॉल्टर बॅस्कम. वीस वर्षं गावच्या समितीचे प्रमुख. या वीस वर्षांत थॉर्नवेल सहा वेळा दुसरं आलं, पहिलं एकदाही नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांची डावी बाजू लुळी पडली. आता ते खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे आणि काठीने काचेवर टकटक करून गावावर हुकूम सोडायचे. त्यांच्यासाठीच ह्यू लंडनची नोकरी सोडून परतला होता.

"लंडन आवडत नव्हतं?"

"आवडायचं. पण सहाव्या मजल्यावर बसून मी दिवसभर छपरंच बघायचो. सगळी सपाट."

बोलत बोलत दोघं तळ्याकाठी आले आणि ह्यू पटकन तिला आडवा आला. "इकडे नका बघू."

"का?"

"ही आमची लाज आहे." त्याच्या खांद्यावरून तिला दिसलंच. शेवाळाने भरलेलं तळं आणि त्यातून वाट काढणारी तीन वैतागलेली बदकं. "वेळच मिळत नाही. करतो, करतो म्हणून राहिलंय."

कोट घेताना त्याने विचारलं, "चहा?"

"नको."

"आमच्याकडे चहाला नको म्हणणारी माणसं दोनच प्रकारची. एक, आजारी."

"आणि दुसरी?"

तो तिच्याकडे बघत राहिला. जरा जास्तच. "दुसरा प्रकार आजवर भेटला नव्हता."

बसमध्ये बसल्यावर रोवेनाने वही काढली. तळे: वजा चार, तिने लिहिलं. मग पेन्सिल तशीच हातात राहिली... आणि बाहेर जवसाची निळी शेतं एकामागून एक निघून गेली.

नियमाप्रमाणे तिने थॉर्नवेलला आणखी एकदाच जायचं होतं, जुलैच्या अखेरीस. ती पुढच्याच शनिवारी गेली. आणि त्याच्या पुढच्या.

बाकीची गावं तिने सोडली होती असं नाही. सकाळी एक गाव, दुपारी थॉर्नवेल, असा तिचा शनिवार ठरून गेला. कुठे नदीत गुडघाभर पाण्यात उभी असलेली जुनी गिरणी तिने पाहिली, कुठे दगडी चर्चच्या भिंतीवर सहाशे वर्षांपूर्वी कुणी खिळ्याने कोरलेलं नाव. एका गावात म्हातारी माणसं टेलिफोनच्या लाल खोक्यात पुस्तकं ठेवायची, न्या आणि आणा. सगळीच गावं सुंदर होती. आपल्या परगण्यात इतकं काही आहे आणि आपण चार वर्षं फक्त गाडीच्या खिडकीतून बघत होतो, याचं तिला नवल वाटायचं. पण संध्याकाळी वही मिटली की आठवायचं ते एकच गाव. खरं तर... गावही नाही.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी तिने चहा घेतला. वॉल्टर बॅस्कमच्या खिडकीशी, त्यांच्यासमोर बसून.

"घर बघतेस म्हणे," ते एका बाजूने वाकडं हसत म्हणाले. "पाच-सहा शनिवार झाले. राजवाडा घ्यायचाय का?"

"बाबा!"

"तू गप रे. पोरी, साखर किती?" मग त्यांनी काठीने हिरवळीकडे दाखवलं. तिथे एक रिकामा खांब होता, वर दोन लोखंडी हुक लावलेला. "विजेत्या गावाला मिळणारी ओकच्या लाकडाची पाटी टांगायला मी तो पुरून ठेवलाय. वीस वर्षांपूर्वी. लोक हसतात. हसू देत. मी जायच्या आत एकदा तिथे काहीतरी टांगलेलं बघायचंय." त्यांचा चांगला हात थरथरला, कप बशीवर किणकिणला. रोवेनाने आपला कप खाली ठेवला.

त्याच दुपारी ह्यूने तिला शिडीवर चढवलं. मिसेस गॉडबोल्डच्या घराचं आढं त्याने अर्धं शाकारून ठेवलं होतं. "वरून बघितल्याशिवाय गाव कळत नाही. ये. खाली बघू नकोस. मी आहे मागे."

ती वर पोचली. उन्हात तापलेल्या काडांचा वास, हाताखाली त्यांचा खरखरीत उबदारपणा, आणि समोर अख्खा परगणा. पिकत आलेली शेतं, झाडांत लपलेले चर्चचे मनोरे, आणि पार क्षितिजाशी काहीतरी चमचमत होतं.

"ते काय?"

"ते? ब्रॅकस्टेडचं स्टेशन. नुसतं झोपायला येणाऱ्यांचं गाव. तिथे कुणी राहत नाही, सगळे गाडी पकडतात."

"मी तिथे राहते."

खाली एक बदक ओरडलं.

"मग..." ह्यू म्हणाला, "गाडी छान पकडत असशील."

ती इतकी हसली की शिडी हलली. त्याने घाईने तिचं कोपर धरलं. "हलू नकोस—" मग हळूच तिच्या केसांतली एक काडी काढली. काडी निघाली, पण हात तिथेच राहिला.

"रोवेना... तू दर शनिवारी येतेस. घरासाठीच येतेस का?"

पिशवीतली वही तिला इथून, शिडीच्या वरून, जळत्या निखाऱ्यासारखी जाणवत होती.

"आत्ता नको सांगूस," तो घाईने म्हणाला. "पुढच्या शनिवारी सांग."

त्या आठवड्यात रोवेनाने गुणांची बेरीज केली. थॉर्नवेल, एक्क्याण्णव. दुसऱ्या क्रमांकाचं गाव, एकोणनव्वद. दोनच गुण! ती पुन्हा पुन्हा रकाने बघत राहिली. फुलझाडांना दिलेले नऊ खरंच नऊ होते? की मांजरासारख्या दिसणाऱ्या त्या कोल्ह्याचे होते? गाव खरंच इतकं सुंदर होतं, की एका माणसामुळे तिला तसं दिसत होतं? तिला सांगता येईना. आणि सांगता येत नाही, हेच उत्तर होतं.

बुधवारी संध्याकाळी ती मिसेस फेनच्या दारात उभी राहिली.

"मला थॉर्नवेलचे गुण रद्द करायचेत."

मिसेस फेननी चष्म्यावरून बघितलं. "चहा घेतलास?"

"दोन कप."

"आणखी?"

"एक शिडी."

"शिडी घेतलीस?"

"चढले."

"कुणाबरोबर, ते विचारत नाही." म्हाताऱ्या बाईंनी कार्ड तिच्या हातातून घेतलं आणि उभं-आडवं फाडलं. "किती आवडतो?"

रोवेनाने खाली बघितलं. "नव्वदच्या वर."

"मग तुझा काही उपाय नाही बाई. मी स्वतः जाईन थॉर्नवेलला. आणि हे बघ, त्या मुलाला तू सांगायचं. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर फार वाईट."

शनिवारी ह्यू तळ्यात होता. कंबरेपर्यंत रबरी बूट चढवून दाताळ्याने शेवाळ ओढत होता. तिला बघून हसला, कपाळावरचं पाणी पुसलं. "बघ! बदकं मला आता साहेब म्हणतात."

रोवेनाने काठावर उभं राहूनच सांगितलं. सगळं. एका दमात, कारण मध्ये थांबली असती तर पुढे बोलवलं नसतं.

ह्यूच्या हातातलं दाताळं पाण्यात तसंच राहिलं.

"म्हणजे घर...?"

"घर नव्हतं."

"मी तुला आमची लाज दाखवली," तो हळू म्हणाला. "आणि तू लिहून घेतलीस."

"चार गुण कापले." आता खोटं बोलायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

"आणि बाबा? त्यांचा तो खांब, तो थरथरणारा हात... ते कुठल्या रकान्यात?"

"कुठल्याच नाही. ह्यू, ते कार्ड आता नाहीये. मी सगळे गुण मागे घेतले. कारण मला... माझा निवाडा..." पुढचं वाक्य काही केल्या येईना.

"मागे घेतलेस. छान." त्याने पाठ फिरवली. "बारा-दहाची बस आहे. मिळेल तुला."

ती मिळाली.

ऑगस्ट फार लांबला. रोवेना सात-बाराला जायची, सहा-अडतीसला यायची. शनिवारी तिने घर दोनदा झाडलं. सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी मिसेस फेनचा फोन आला. "थॉर्नवेल दुसरं. मी सत्त्याऐंशी दिले. तळं आरशासारखं होतं, पण चर्चमागची भिंत ढासळलीय आणि तिला कुणी हात लावलेला नाही. खरं तेच दिलं मी."

रोवेनाने फोन ठेवला. सातव्यांदा दुसरं. तिने गप्प राहायचं ठरवलं असतं, तर आज त्या खांबाला पाटी असती.

पुढच्या शुक्रवारी सहा-अडतीसची गाडी ब्रॅकस्टेडला थांबली. दारं उघडली, माणसांचा लोंढा फलाटावर सांडला आणि त्या लोंढ्याच्या बरोबर मध्ये, सगळ्यांचे धक्के खात, इस्त्रीच्या शर्टातला एक उंच माणूस उभा होता. हातात वही.

रोवेनाचे पाय थांबले. मागच्या बाईंनी "अहो, चला ना!" म्हटलं, तेव्हा कुठे ती बाजूला झाली.

"तू इथे?"

"बाबांनी पाठवलं," ह्यू म्हणाला. "मिसेस फेननी त्यांना सगळं सांगितलं, एक्क्याण्णवसकट. मला वाटलं बाबा चिडतील. ते म्हणाले, तशी पाटी टांगली असती तर मला खिडकीचा पडदा लावून बसावं लागलं असतं. म्हणाले, असली पोरगी घालवलीस तर तूही घरात राहू नकोस."

"फक्त बाबांनी पाठवलं?"

"त्यांनी गेल्या शनिवारी पाठवलं. मी आज आलो."

"इतके दिवस काय करत होतास?"

"शर्टाला इस्त्री." मग त्याने वही उघडली, खिशातून पेन्सिल काढली. "आज परीक्षक मी. दाखव तुझं गाव. आणि चहा वगैरे विचारू नकोस, मी अगदी कडक आहे."

रोवेनाने त्याला दाखवलं. ज्या बेकरीत सहा-अडतीसच्या माणसांसाठी दहा पाव बाजूला काढून ठेवतात, ती बेकरी. रुळांखालचा बोगदा, जिथे शाळेतल्या मुलांनी प्रत्येक फरशीवर एकेक पक्षी रंगवलाय. जुन्या सरायीची कमान. जिथून एके काळी घोडागाड्या शिरायच्या, तिथे आता शंभर सायकली उभ्या. आणि दुकानांच्या मागे, कुणाला सांगूनही खरं वाटू नये अशी नदी. इतकी नितळ, की तळाचे खडे मोजावेत.

सभागृहाच्या उघड्या खिडकीपाशी ह्यू एकदम थांबला. आत चाळीसएक माणसं गात होती. कुणी ऑफिसच्या कोटात, कुणाच्या पायाशी लॅपटॉपची पिशवी. चार वेगवेगळे सूर निघत होते आणि वर जाऊन एक होत होते.

"हे कोण?"

"शुक्रवारचं गायन मंडळ. सगळे सात-बाराचे. सकाळी गाडीत एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत."

ह्यू खिडकीशी उभा राहिला, गाणं संपेपर्यंत. "मी या गावाबद्दल काय बोललो होतो, ते मागे घेतो," तो म्हणाला. "छपरावरून फक्त स्टेशनच दिसतं."

नदीवरच्या लाकडी पुलावर ऊन तिरपं आलं होतं. रोवेनाने कठड्याला टेकून विचारलं, "मग? किती गुण?"

त्याने वही तिच्या हातात दिली. पानावर एकच ओळ होती: *गाव नीट बघायचं राहून गेलं.*

"हे काय उत्तर झालं?"

"मीही पक्षपाती निघालो. शेजारी तू चालत होतीस..." त्याने कठड्यावरचा तिचा हात हातात घेतला. त्याचा तळवा काडांनी खरबरीत झालेला, पण धरणं इतकं अलगद. "रोवेना, तू माझ्याशी खोटं बोललीस, त्याचा मला राग होता. पण कुणी विचारलं नव्हतं तरी तू खरंही सांगितलंस, अगदी ते चार गुणसुद्धा. अवघड काय होतं, ते कळायला मला महिना लागला. मी मंद आहे. पण माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"त्या दिवशी तळ्यावर माझं एक वाक्य अर्धं राहिलं होतं," रोवेना म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "माझा निवाडा चुकेल, कारण मला तू आवडतोस. असं म्हणायचं होतं. तू ऐकून घेतलं नाहीस."

"आता ऐकतोय. परत म्हण."

तिने परत म्हटलं. यावेळी त्याच्या शर्टाच्या इस्त्रीत तोंड लपवून. आणि तोंड वर केलं तेव्हा त्याने तिला पुढचं काही बोलूच दिलं नाही... पुलावरून सायकलने जाणाऱ्या एका गृहस्थांनी शहाण्यासारखी नुसती घंटी वाजवली.

थॉर्नवेलची बस यायला दहा मिनिटं होती. बाजारचौकातल्या थांब्यावर दोघं डोक्याला डोकं लावून वेळापत्रकाच्या फलकासमोर उभी राहिली.

"शनिवारी नऊ-पाचला आहे," ह्यूचं बोट रकान्यावरून फिरत होतं. "आणि परतीची शेवटची चार-वीसला."

"फारच लवकर."

"हो ना."

"आणि रविवारी?"

"रविवारी बसच नसते."

रोवेनाने चेहरा जमेल तेवढा सरळ ठेवला. "म्हणजे शनिवारी एखादीची चार-वीसची चुकली, तर तिने काय करायचं?"

ह्यूचे कान लाल झाले. तो फलकाकडे बघत राहिला, अगदी बारकाईने, जणू सगळा परगणा त्या रकान्यांत मावलाय. मग त्याने बोट हळूहळू खाली, पार शेवटच्या ओळीवर नेलं.

"सोमवारी सकाळी," तो म्हणाला, "सहा-दहाला एक आहे."

"ती मला चालेल," रोवेना म्हणाली.